कस्तुरीला कोणी मारले? 'अछूत कन्या' आणि १९३६ सालचे दोन मार्ग

गेल्या एप्रिलमध्ये जयंतीच्या आठवड्यात घाटकोपरच्या आमच्या विहारात आम्ही 'अछूत कन्या' दाखवला. भिंतीवर पांढरी चादर, एका कार्यकर्त्याने ऑफिसातून मागून आणलेला प्रोजेक्टर आणि सतरंजीवर बसलेली तीस-पस्तीस मुले-मुली. जवळपास नव्वद वर्षांपूर्वीचा सिनेमा. आवाज खरखरीत, हिंदी जुन्या वळणाची. सुरुवातीला पोरे हसत होती. झाडावरच्या गाण्याला टाळ्याही पडल्या. शेवटी कस्तुरी रेल्वेखाली गेली तेव्हा मात्र कोणी डोळे पुसले नाहीत. मागे बसलेल्या, बारावीतल्या एका मुलीने विचारले, "दादा, ती मेली कशाला? तेव्हा रजिस्टर लग्न होत नव्हतं का?"

मी म्हणालो, "बहुतेक नसावं."

हे उत्तर चुकीचे होते, हे मला नंतर वाचताना कळले. त्या मुलीचे देणे फेडण्यासाठी हा लेख लिहीत आहे. पण तिचा प्रश्न वाटतो तेवढा लहान नाही. तो नीट सोडवायचा तर आपल्याला मालाडला जावे लागेल, नायगावला जावे लागेल, आणि बाबासाहेबांनी वयाच्या पंचविशीत न्यूयॉर्कमध्ये वाचलेल्या एका निबंधापर्यंत मागे जावे लागेल.

आधी मालाड. आज मालाड पश्चिमेला बॉम्बे टॉकीज कंपाउंड म्हणून जी जागा ओळखली जाते, तिथे लहान लहान कारखान्यांची आणि गाळ्यांची दाटी आहे. १९३४ साली हिमांशु राय आणि देविका राणी यांनी तिथे बॉम्बे टॉकीज उभी केली. कोलाबा ते बोरिवली लाइन १९२८ मध्ये विजेवर चालू लागली होती, म्हणजे मालाड शहरापासून लांबही होते आणि लोकलने जवळही. एफ. ई. दिनशॉ यांच्या मालाडच्या जागेत स्टुडिओ आला. यंत्रसामग्री परदेशी, दिग्दर्शक फ्रान्झ ऑस्टेन आणि कॅमेरामन जोसेफ विर्शिंग जर्मन, संगीत देणाऱ्या सरस्वती देवी मूळच्या पारशी घरातल्या खुर्शीद होमजी. कंपनी शेअरवर चालणारी, संचालक मंडळात शहरातली बडी नावे. त्यातले एक नाव वाचून मी थांबलो. सर चिमणलाल सेटलवाड. आपल्यातल्या अभ्यासू कार्यकर्त्यांना हे नाव माहीत असेल. १९२४ मध्ये बाबासाहेबांनी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली, तिचे अध्यक्ष हेच सेटलवाड होते. म्हणजे अस्पृश्यांचा प्रश्न काय आहे हे ज्यांच्या कानावर थेट बाबासाहेबांकडून पडले होते, अशा माणसाची खुर्ची या कंपनीत होती. सिनेमाच्या कथेत त्यांनी काही सांगितले असेल असे मी म्हणत नाही. मला एवढेच दाखवायचे आहे की मालाड आणि परळ यांच्यामध्ये समुद्र नव्हता.

या स्टुडिओबद्दल आणखी एक गोष्ट इतिहासकार आवर्जून नोंदवतात. तिथल्या कॅन्टीनमध्ये सगळ्या जातींची माणसे एकत्र जेवत. १९३० च्या दशकात ही साधी गोष्ट नव्हती, त्याचे श्रेय त्यांना दिलेच पाहिजे. ही कॅन्टीन लक्षात ठेवा, तिच्याकडे परत यायचे आहे.

आता कथा. ती निरंजन पाल यांची, बिपिनचंद्र पाल यांचे ते चिरंजीव. दुखिया हा अस्पृश्य जातीचा, रेल्वे फाटकावरचा पहारेकरी. मोहन हा ब्राह्मण दुकानदार. मोहनला साप चावतो, दुखिया तोंडाने विष शोषून त्याला वाचवतो, आणि दोघांची मैत्री जमते. दुखियाची मुलगी कस्तुरी, मोहनचा मुलगा प्रताप. दोघे एकत्र वाढतात आणि प्रेमात पडतात. देविका राणी आणि अशोककुमार. दोन्ही बाप भले आहेत, दोघांना मुलांचे मन दिसते, पण लग्नाचा विषय आला की दोघेही नशिबाला हात जोडतात. प्रतापचे लग्न मीराशी लावून दिले जाते. इकडे गावातला वैद्य बाबूलाल, मोहनवरच्या रागातून, आजारी दुखियाला मोहनने घरात घेतल्याची हाकाटी करतो आणि जमाव मोहनच्या घरावर चालून जातो. कस्तुरीचे लग्न तिच्याच जातीतल्या मनूशी होते. मनूची पहिली बायको कजरी जिवंत आहे. पुढे कजरी आणि मीरा मिळून कस्तुरीला जत्रेत नेतात आणि तिथेच टाकून येतात. प्रताप जत्रेत असतो, तो तिला आपल्या गाडीतून घरी आणतो. कजरी मनूच्या कानात भरते की दोघे पळून गेले. मनू फाटकावर प्रतापच्या अंगावर धावून जातो, समोरून गाडी येते, आणि त्या झटापटीत जीव जातो तो कस्तुरीचा. मग तिचे स्मारक होते, तिची पूजा होते. सिनेमा सुरूच होतो तो त्या स्मारकापासून.

नीट पाहा, या कथेत दोषी कोण ठरतो? एक धंदेवाईक वैद्य, एक सवत आणि एक मत्सरी बायको. शास्त्राचे नाव नाही, धर्माचे नाव नाही. गावात चार वाईट माणसे नसती तर कस्तुरी आणि प्रताप आपापल्या जातीतल्या संसारात सुखाने नांदले असते, असेच प्रेक्षकाला वाटत राहते. जवाहरलाल नेहरू आणि सरोजिनी नायडू यांनी हा सिनेमा पाहिला. त्याचे कौतुक झाले. का होणार नाही? १९३२ च्या पुणे करारानंतर काँग्रेसी सुधारणेची जी भाषा तयार झाली होती, तिच्यात हा सिनेमा तंतोतंत बसत होता. अस्पृश्याबद्दल कळवळा वाटला पाहिजे, पण त्यासाठी जातीला हात लावण्याची गरज नाही.

आता कॅलेंडर काढा. साल तेच, १९३६.

मे महिन्यात लाहोरच्या जातपात तोडक मंडळाच्या परिषदेत बाबासाहेब अध्यक्षीय भाषण करणार होते. भाषणातला मजकूर वाचून मंडळवाले घाबरले, शब्द गाळायला सांगू लागले. बाबासाहेबांनी स्वल्पविरामही बदलायला नकार दिला आणि परिषद बारगळली. ते भाषण त्यांनी स्वखर्चाने छापले, १५०० प्रती. 'ॲनिहिलेशन ऑफ कास्ट'. त्यात ते म्हणतात की सहभोजनाने जात मरणार नाही. पुष्कळ जातींमध्ये रोटीव्यवहार चालतो, तरी त्यांची जात शाबूत आहे. रक्त मिसळल्याशिवाय आपलेपणाची भावना निर्माण होत नाही, म्हणून खरा उपाय आंतरजातीय विवाह. आणि लगेच पुढचा प्रश्न ते विचारतात, मग लोक अशी लग्ने करत का नाहीत? कारण जात पाळणारे हिंदू दुष्ट किंवा वेडे नाहीत, ते धार्मिक आहेत. चूक आहे ती त्यांना जात शिकवणाऱ्या धर्मात. तेव्हा भांडायचे ते शास्त्राच्या प्रामाण्याशी.

हे मालाडच्या कथेशेजारी ठेवून पाहा. सिनेमा म्हणतो, माणसे वाईट आहेत, रूढी बिचारी कोणाच्या हातात नाही. बाबासाहेब म्हणतात, माणसे वाईट असण्याची गरजच नाही, भली माणसेही शास्त्र मानून तेच करतील. दुखिया आणि मोहन हे याचे बिनतोड उदाहरण. दोघेही भले, आणि तरीही पोरांची लग्ने जातीतच. बाबासाहेबांचा मुद्दा त्या सिनेमानेच सिद्ध करून दाखवला, फक्त सिनेमावाल्यांना ते कळले नाही.

आणि ती कॅन्टीन! सर्व जातींनी एका पंगतीत जेवणारा स्टुडिओ जेव्हा पडद्यावर गोष्ट सांगायला बसला, तेव्हा रोटीव्यवहारापाशीच थांबला. बेटीव्यवहाराची वेळ आली तेव्हा आगगाडी मागवली. आदल्याच वर्षी प्रभातचा 'धर्मात्मा' आला होता. मूळ नाव 'महात्मा', ते सरकारला खटकले म्हणून बदलावे लागले. त्यात एकनाथ महाराच्या घरी जेवतात. सुधारणावादी सिनेमाची धाव ताटापर्यंत होती. याला अपवाद नव्हते असे नाही. कलकत्त्याच्या न्यू थिएटर्सच्या 'चंडीदास'मध्ये पुजारी आणि धोबीण एकमेकांचा हात सोडत नाहीत. पण गाजावाजा झाला तो कस्तुरीचा, आणि पुढच्या दलित नायिका तिच्याच साच्यातून निघाल्या.

३१ मे १९३६. नायगाव, दादर. मुंबई इलाखा महार परिषद. येवल्याच्या घोषणेला सात महिने झाले होते. बाबासाहेबांनी 'मुक्ती कोन पथे?' हे भाषण केले, धर्म का बदलायचा हे हजारो माणसांना एका एका मुद्द्याने समजावून सांगितले. आणि १६ जूनला परळच्या दामोदर हॉलमध्ये त्यांनी देवदासी, जोगतिणी, आराधिणी आणि कामाठीपुऱ्यातल्या आपल्या स्त्रियांची सभा घेतली. हे जीवन सोडा, समाजाबरोबर नव्या वाटेने चला, असे त्यांना स्पष्ट आणि कठोर शब्दांत सांगितले. काहींना ते भाषण आज कडक वाटते, त्यावर वाद करता येईल. पण एक गोष्ट पाहा. खऱ्याखुऱ्या अस्पृश्य कन्या त्या हॉलमध्ये बसलेल्या होत्या. देवाच्या नावाने सोडलेल्या, वरच्या जातीच्या पुरुषांनी वापरलेल्या, कोणत्याच लग्नाचा आधार नसलेल्या. त्यांच्यापुढे बोलणारा माणूस त्यांना जगायला सांगत होता. त्याच लोकल लाइनवर, उत्तरेला, पडद्यावरची अस्पृश्य कन्या मरून पूजनीय होत होती.

हे मरून पूजनीय होणे ही साधी गोष्ट नाही. इथे ९ मे १९१६ चा तो निबंध आठवावा लागतो. कोलंबिया विद्यापीठात डॉ. गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात विद्यार्थी भीमराव आंबेडकरांनी 'कास्ट्स इन इंडिया' वाचला. त्यांचे म्हणणे असे की जातीचे सार म्हणजे जातीतच लग्न. हे कुंपण टिकवायचे तर जातीत स्त्री-पुरुषांची संख्या जुळलेली हवी. नवरा मेला की बाई 'जादा' ठरते. ही जादा बाई जातीबाहेर लग्न करेल ही भीती. मग तिचे काय करायचे? नवऱ्याबरोबर जाळा, नाहीतर जन्मभर विधवा ठेवा. आणि मग ते पुढचे, माझ्या मते सर्वात भेदक वाक्याच्या आशयाचे सांगतात की या चालींचा गौरव केला गेला तो त्या पाळल्या जात होत्या म्हणून. आधी क्रूर गरज आली, मग तिला गोड करणारे तत्त्वज्ञान आले.

कस्तुरी विधवा नाही. पण कुंपणाच्या दृष्टीने ती 'जादा'च आहे. तिचे मन कुंपणाबाहेर गेले आहे. प्रतापच्या संसारात तिला जागा नाही, मनूच्या संसारात कजरी आहे. तिला ठेवायचे कुठे? पटकथालेखकाने तिला रुळांवर ठेवले. आणि वर स्मारक बांधले. सतीच्या दगडापुढे कुंकू वाहणाऱ्या गावाने जे केले, तेच मालाडच्या अद्ययावत, जर्मन यंत्रांच्या स्टुडिओने केले. बाबासाहेबांनी वीस वर्षे आधी हे यंत्र उघडून त्याचे भाग वेगळे करून दाखवले होते.

कजरीबद्दलही बोलले पाहिजे, कारण तिची बाजू कोणीच घेत नाही. सिनेमात ती खलनायिका आहे. पण तिचा गुन्हा काय? पहिली बायको असताना नवऱ्याने दुसरी केली. १९३६ साली हिंदू पुरुषाला कितीही बायका करता येत होत्या आणि टाकलेल्या बायकोला घटस्फोटाचा हक्क देणारा कायदाही मुंबई प्रांतात नव्हता. मुंबई प्रांतात द्विभार्याप्रतिबंधाचा कायदा १९४६ मध्ये आणि घटस्फोटाचा १९४७ मध्ये आला. देशभरात एकपत्नीत्व यायला १९५५ उजाडले. त्यासाठी बाबासाहेबांनी हिंदू कोड बिल आणले आणि ते रखडवले म्हणून २७ सप्टेंबर १९५१ रोजी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. राजीनाम्याला इतरही कारणे होती, पण हे त्यातले मोठे. पडद्यावर दोन बाया तिसरीविरुद्ध कट करतात आणि आपण म्हणतो, बायकाच बायकांच्या वैरी. दोघींना एका घरात कोंडणारा कायदा पडद्यावर दिसतच नाही. मनूला कोणी जाब विचारत नाही.

आता त्या मुलीचा प्रश्न. रजिस्टर लग्न होत नव्हते का?

होत होते. १८७२ साली ब्राह्मो समाजाच्या खटपटीने स्पेशल मॅरेज ॲक्ट आला. त्यात अडचण अशी की लग्न करणाऱ्याने मी हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती वगैरे कोणताच धर्म मानत नाही असे लिहून द्यावे लागे. १९१८ मध्ये विठ्ठलभाई पटेलांनी हिंदूंच्या आंतरजातीय लग्नांना मान्यता देणारे विधेयक मांडले, त्यावर सनातन्यांनी आकाशपाताळ एक केले आणि ते मागे पडले. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१९ मध्ये आपल्या संस्थानापुरता कायदा करून टाकला. राजाने मनावर घेतले तर काय होते ते दिसले. ब्रिटिश मुलखात मग डॉ. हरिसिंग गौर, नागपुरात वकिली केलेले, यांनी नेट लावून १९२३ मध्ये १८७२ चा कायदा दुरुस्त करून घेतला. त्यानंतर हिंदू, बौद्ध, शीख आणि जैन यांना आपला धर्म न नाकारता एकमेकांशी, कोणत्याही जातीत, रजिस्ट्रारपुढे लग्न करता येऊ लागले. म्हणजे सिनेमा पडद्यावर आला तेव्हा हा दरवाजा उघडून १३ वर्षे झाली होती.

दरवाजाला उंबरठा होता, तोही सांगतो. वय २१ च्या आत असेल तर बापाची किंवा पालकाची संमती लागे. आणि या कायद्याने लग्न करणारा हिंदू मुलगा एकत्र कुटुंबातून आपोआप तुटत असे. तो एकुलता असेल तर बापाला दुसरा मुलगा दत्तक घेण्याची मुभा कायद्यानेच दिली होती. म्हणजे कायदा म्हणत होता की कर लग्न, पण घरातला वाटेकरी म्हणून राहू नको. सवर्ण समाजाने उघडावे लागलेले दार असे उघडले होते, बाहेर जाणाऱ्याला परत येता येऊ नये या बेताने.

तरीही दार होते. प्रतापला दुकानावर पाणी सोडावे लागले असते. कस्तुरीला जीव सोडावा लागला नसता. सिनेमाने यातला एक शब्दही उच्चारला नाही. फाटकावरच्या त्या गावापर्यंत रेल्वे आली, तार आली, क्विनाइनही आले, फक्त १९२३ चा कायदा आला नाही. प्रेक्षक घरी जाताना काय घेऊन गेला? असली लग्ने होत नसतात. मरण येते.

इथे एक कटू गोष्ट, आणि ती मी देविका राणींना दोष देण्यासाठी सांगत नाही. याच काळात त्या आपल्या सहनायकाबरोबर, नजमुल हसनबरोबर, मुंबई सोडून निघून गेल्या होत्या. दोघांची समजूत घालण्यासाठी मध्यस्थ गेला, त्या परत आल्या, पुन्हा स्टुडिओच्या राणी झाल्या. नोकरी गेली ती हसनची, आणि त्याच्या जागी प्रयोगशाळेत काम करणारा एक गांगुली उभा राहिला, तोच अशोककुमार. रवींद्रनाथांच्या नात्यातल्या, लंडनमध्ये शिकलेल्या स्त्रीला चूक करण्याची आणि परत येण्याची मोकळीक मिळाली. मिळायलाच हवी, कोणत्याही बाईला मिळायला हवी. पण तिने साकारलेली अस्पृश्य मुलगी नुसती बैलगाडीत बसून घरी आली, तर तिला जगू दिले नाही. दोन्ही निर्णय एकाच कंपाउंडमध्ये झाले.

तेवीस वर्षांनी, त्याच लाइनवर तीन स्टेशन दक्षिणेला, अंधेरीच्या मोहन स्टुडिओत बिमल रॉय यांचे ऑफिस होते. १९५९ चा 'सुजाता' त्यांचा. सुबोध घोषांची कथा, नूतनचा अभिनय. फिल्मफेअरची बक्षिसे मिळाली. रॉय प्रामाणिक माणूस होता, आणि हा सिनेमा 'अछूत कन्या'च्या पुढे आहे हे मान्य करतो. इथे मुलगी मरत नाही, लग्न होते. ब्राह्मण घरात वाढलेली अनाथ अस्पृश्य मुलगी, तिला आई 'मुलीसारखी' म्हणते, मुलगी म्हणत नाही. ते 'सारखी' ज्यांनी आयुष्यात एकदा तरी ऐकले आहे त्यांना ते कुठे लागते ते ठाऊक आहे. सोवळे-ओवळे करणारी बुआ ललिता पवारांनी केली आहे. योगायोग पाहा, त्यांचा जन्म येवल्याचा.

पण लग्नाआधी काय होते? आई जिन्यावरून पडते, रक्त लागते, आणि जुळते फक्त सुजाताचे. ती रक्त देते तेव्हा आईचे डोळे उघडतात. दुखियाने विष शोषले, सुजाताने रक्त दिले. आमच्या माणसाने आधी स्वतःचे शरीर देऊन लायकी सिद्ध करायची आणि मग माणूस म्हणवून घ्यायचे. प्रतापने किंवा अधीरने काय दिले, हे कोणी विचारत नाही.

आणि साल १९५९ आहे! दीक्षाभूमीला तीन वर्षे झालीत. बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण होऊन रिपब्लिकन पक्ष उभा राहिला आहे. दादासाहेब गायकवाडांचा भूमिहीनांचा लढा पेटतो आहे. हिंदू विवाह कायदा होऊन चार वर्षे, नवा स्पेशल मॅरेज ॲक्ट होऊन पाच वर्षे झाली आहेत. सिनेमात गांधी आहेत, टागोरांची 'चंडालिका' आहे. बाबासाहेब नाहीत, कायदा नाही, सुजाताची स्वतःची अशी वस्ती नाही, तिच्या जातीचे कोणी माणूस तिच्याशी दोन शब्द बोलत नाही. अनाथ केल्याशिवाय तिला पडद्यावर आणताच आले नाही. बाप जिवंत असता, वस्ती जिवंत असती, तर लग्नाला जय भीम म्हणत शंभर माणसे आली असती. ते कोणाला परवडणार होते?

दोन्ही सिनेमांत मुलगी अस्पृश्य आणि मुलगा ब्राह्मण. हेही सहज झालेले नाही. मनुस्मृतीच्या हिशेबात वरचा पुरुष आणि खालची स्त्री हा अनुलोम, पसंत नसला तरी खपणारा. उलटा संबंध प्रतिलोम, त्याची संतती चांडाळ. आमचा मुलगा आणि त्यांची मुलगी ही गोष्ट नागराज मंजुळेने मराठी सिनेमात दाखवली. 'फँड्री'तल्या जब्याला शालूशी एक शब्द बोलता आला नाही. 'सैराट'मध्ये मासेमारी करणाऱ्या घरातला परश्या आर्चीला घेऊन पळाला, तेव्हा शेवटी दोघांचेही रक्त सांडले. फरक एवढाच, आणि तो मोठा आहे, की मंजुळेने त्यांची देवळे बांधली नाहीत. मारणारे कोण ते नावगावासह दाखवले आणि रक्ताळलेल्या पावलांवर सिनेमा संपवला. अनेकांना राग आला तो त्याचाच.

हे फक्त पडद्यावरचे नाही. २८ एप्रिल २०१४, खर्डा, तालुका जामखेड. १७ वर्षांचा आपला पोरगा, नाव तुम्हाला पाठ आहे, वरच्या जातीच्या मुलीशी बोलतो या संशयावरून शाळेतून ओढत नेऊन मारला. २०१७ मध्ये सत्र न्यायालयात आरोपी निर्दोष सुटले. तिथे आगगाडी नव्हती, गैरसमज नव्हता, सवत नव्हती.

आणि दार? ते आजही आहे आणि उंबरठाही आहे. देशात आंतरजातीय लग्ने शंभरात पाचच्या आसपास होतात. १९५४ च्या कायद्याने रजिस्टर लग्न करायचे तर तीस दिवसांची नोटीस लागते आणि ती कार्यालयात सर्वांना दिसेल अशी लावली जाते. घरच्यांना पत्ता लागायला दुसरे काय हवे? २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शक्ती वाहिनी खटल्यात सांगितले की दोन सज्ञान माणसांच्या लग्नात कुटुंबाला किंवा जातपंचायतीला ढवळाढवळ करता येणार नाही, सरकारने अशा जोडप्यांना संरक्षण द्यावे. आणि डिसेंबर २०२२ मध्ये आपल्याच राज्य सरकारने आंतरजातीय आणि आंतरधर्मीय लग्नांची माहिती गोळा करणारी समिती काढली. ओरड झाली तेव्हा दोन दिवसांत 'आंतरजातीय' हा शब्द वगळला, आंतरधर्मीय तसेच ठेवले. एका हाताने आंतरजातीय लग्नाला पन्नास हजारांचे अनुदान आणि दुसऱ्या हाताने यादी.

बाबासाहेबांनी स्वतः १५ एप्रिल १९४८ रोजी दिल्लीत डॉ. शारदा कबीर यांच्याशी लग्न केले ते रजिस्ट्रारपुढे. ज्या दाराचे नाव मालाडच्या सिनेमाने घेतले नाही, त्याच प्रकारच्या दारातून. त्या लग्नावरून आपल्या चळवळीत पुढे जे वाद झाले, त्यात मला आज जायचे नाही. पण आंतरजातीय विवाह हा उपाय सांगणाऱ्या माणसाने तो स्वतःला लावून घेतला, हे विसरता येत नाही. आपल्या घरांत काय चालते? बौद्ध झालो तरी वधू-वर मेळाव्यात पोटजात विचारणारे आपणच आहोत. मातंग किंवा चर्मकार घरातली सून म्हटली की किती मामा-काका गप्प होतात ते मी पाहिले आहे. सवर्णांच्या सिनेमावर बोट ठेवताना तीन बोटे इकडे वळतात, ती लपवण्यात अर्थ नाही.

सध्या आमच्या वस्तीतला एक मुलगा आणि मुलुंडची एक मुलगी अशाच तीस दिवसांत आहेत. दोघेही सज्ञान, दोघेही नोकरीला. मुलीचे घर मराठा. नोटीस लागल्यावर आठव्या दिवशी तिच्या घरी कोणीतरी फोटो पाठवला. तेव्हापासून ती एका मैत्रिणीकडे राहते, पोलिसांत अर्ज दिला आहे, न्यायालयाच्या २०१८ च्या निकालाची प्रत अर्जाला जोडली आहे. विहारात प्रश्न विचारणारी ती बारावीतली मुलगी या मुलाची धाकटी बहीण. तिने तो प्रश्न का विचारला होता, हे मला तेव्हा माहीत नव्हते.

तीस दिवस परवा संपतात. लग्नाला तीन साक्षीदार लागतात. दोन मुलाचे मित्र आहेत. तिसरी म्हणून मुलीची मावशी येते म्हणाली होती, पण काल दुपारपासून तिचा फोन बंद आहे. म्हणून मी माझे आधारकार्ड पाकिटात काढून ठेवले आहे.